दूध पुरतंय ना? अंगावरचं, वरचं आणि पिशवीतलं: आपापले अनुभव लिहा

परवा रात्री साडेदहाला माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. घोडबंदरला पातलीपाड्याला राहते, बाळ एकोणीस दिवसांचं. बोलायच्या आधी नुसती रडत होती. दुपारी बाळ बघायला बायका आल्या होत्या. एकीने बाळाला मांडीवर घेतलं, त्याने तोंड फिरवून तिच्या पदराचा काठ चोखायला सुरुवात केली आणि ती म्हणाली, "अगं, हे उपाशी आहे. तुला दूध पुरत नाहीये." झालं. संध्याकाळपर्यंत ओट्यावर पावडरचा डबा आला आणि तो उघडायचा की नाही यावरून घरात कुणी कुणाशी धड बोलेना.

मी तिला दोनच गोष्टी विचारल्या. दिवसरात्रीत शूचे लंगोट किती? आठ-नऊ. वजन? जन्माचं २ किलो ९००, दहाव्या दिवशी २ किलो ८८०, काल ३ किलो १५०. मग हे बाळ उपाशी कसं असेल?

हे मला माझ्या वेळी कुणीच विचारलं नव्हतं, म्हणून हा धागा काढते आहे. ठाणे, नवी मुंबईतल्या आयांनी, आज्यांनी, बाबांनीसुद्धा लिहा. बाळ वर्षाचं झाल्यावर घरात कुठलं दूध आणता, तेही लिहा. एकच कळकळीची विनंती: कुणी पावडरचं दूध दिलं असेल तर "का दिलंस?" असं इथे विचारायचं नाही. आधी माझं सांगते.

कळवा, ठाणे (मीच)

सिझर झालं. तिसऱ्या दिवसापर्यंत चीकच येत होता, चमचाभर. चीक तेवढाच असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाच-सात मिलि मावतं, हे मला ठाऊक नव्हतं. "हिला अजून उतरलं नाही" म्हणून बाटली सुरू झाली. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी तट्ट झाली, तोवर लेकीला बाटलीची सवय लागली होती. दोनदा चोखायची आणि मान फिरवून किंचाळायची. घरी आल्यावर संध्याकाळी सहा ते दहा सतत मागायची. एकदा पंप लावून बघितला तर वीस मिलि. ती बाटली ट्यूबलाइटखाली धरून मी किती तरी वेळ रेघा मोजत उभी होते. त्या रात्रीपासून दोन बाटल्यांच्या चार झाल्या, चाराच्या सहा, आणि तीन महिन्यांत अंगावरचं बंद.

धाकट्याच्या वेळी नीट समजून घेतलं. संध्याकाळी लागोपाठ पिणं पहिल्या काही आठवड्यांत बरीच बाळं करतात. पंपात किती आलं यावरून बाळाला किती मिळतं ते कळत नाही. दीड-दोन महिन्यांनी छाती मऊ लागायला लागते, कारण बाळाला किती लागतं याचा शरीराला अंदाज आलेला असतो. दूध विहिरीसारखं आहे, उपसा असेल तसा पाझर. मी प्रत्येक बाटलीसरशी उपसा कमी करत गेले आणि पाझर कमी झाला की माझ्याच अंगात काही कमी आहे असं समजत गेले. धाकटा अडीच वर्षं प्यायला.

वागळे इस्टेट, ऑफिस रबाळ्याला

सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि कामावर रुजू झाले. दूध काढायला जी खोली दाखवली तिला आतून कडी नव्हती, कोपऱ्यात जुने प्रिंटर रचलेले. पहिला आठवडा दाराला पाठ लावून उभ्याने दूध काढलं. मग मी रीतसर मेल लिहिला. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन जादा सुट्ट्या दूध पाजायला मिळतात, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते, हे कायद्यात आहे. चार दिवसांत कडी लागली, खुर्ची आली. बायांनो, मागा. मागितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

दूध बर्फाच्या पिशवीत घालून ट्रान्स हार्बर लोकलने घरी आणायचे. बाहेर चार तास चालतं असं सांगतात, पण ते पंचवीस अंशांच्या खोलीत. आपल्या मे महिन्यात काढल्या काढल्या बर्फात. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस टिकतं, दारात ठेवायचं नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. एका शुक्रवारी घरी आले तर सासूबाईंनी सकाळच्या दोन्ही बाटल्या बेसिनमध्ये ओतलेल्या. "अगं फुटलं होतं गं, वर तवंग आला होता." अंगावरचं दूध फ्रिजमध्ये ठेवलं की साय वर येते आणि खाली निळसर पाणी दिसतं. बाटली हळू गोल फिरवली की पुन्हा एक होतं. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. दोनशे मिलि म्हणजे माझे कामावरचे दोन दिवस. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, बाहेर त्याही रडत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहायला सुरुवात केली. गरम करायचं तर कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही.

दिवाळे गाव, बेलापूर

आमच्या कोळ्यांत बाळंतिणीला मुशी (लहान शार्क मासा) देतात, पान्हा फुटतो म्हणून. आईने सव्वा महिना मुशीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊ घातली. जाऊबाई घाटावरच्या, त्यांनी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू पाठवले. लसूण, शेपू, खसखशीची खीर, सगळं झालं. दूध भरपूर होतं. कशाने आलं मला सांगता येणार नाही. पण आई रात्री दोनला उठून पेज गरम करून द्यायची आणि मी खाईपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायची. त्याने आलं असणार असं मला वाटतं.

(मी लिहिते: मलाही तसंच वाटतं. अळीव, मेथी, शतावरी खायला हरकत नाही, पण बाळ छातीला लागलंच नाही तर कुठलाच लाडू दूध आणत नाही. मधुमेह असेल तर मेथीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, मेथीने साखर उतरू शकते. आणि दूध वाढवायच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर कधीच नाही.)

खारघर

सगळ्यांचं वाचून वाटलं, माझंही लिहिलं पाहिजे, नाहीतर एखादी घरात थांबून राहील. मला खरंच दूध नव्हतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. मला सगळे धीर देत होते, "येईल, येईल, लावत राहा." पाचव्या दिवशी बाळ पाजायलाही उठेना. आम्हाला वाटलं शांत आहे, गुणी आहे. लंगोटात विटकरी रंगाचे डाग होते, दिवसात दोनच ओले. दवाखान्यात वजन केलं तर जन्मापेक्षा बारा टक्के कमी, आणि कावीळ. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि वाटी-चमच्याने पावडरचं दूध दिलं. तिसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदा मोठ्याने रडून दूध मागितलं. तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तिथल्या सिस्टरने शेजारी बसून धरायला शिकवलं. नुसतं टोक तोंडात द्यायचं नाही, भोवतालचा काळा भागही जास्तीत जास्त आत गेला पाहिजे, बाळाची हनुवटी छातीला टेकली पाहिजे, आणि गिळल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. पुढे निम्मं अंगावरचं, निम्मं पावडरचं, असं अकरा महिने केलं. माझं दूध निम्म्याच्या वर कधी गेलं नाही. मी त्या डब्याची ऋणी आहे.

(मी: हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. जास्त रक्तस्राव, थायरॉइड, छातीची जुनी शस्त्रक्रिया, बाळाच्या जिभेखालचा ताठ पडदा, अशा कारणांनी दूध खरंच कमी पडू शकतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही कमी होतं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत जन्माएवढं भरून येतं. दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तर घरी थांबायचं नाही.)

नौपाडा, आजी

मी एकाहत्तर वर्षांची आहे, नात टाइप करून देते आहे. माझ्याकडून झालेली चूक सांगते. सुनेला दूध कमी होतं म्हणून नातवाला डब्याचं सुरू केलं. दुपारचं मी करायची. तीस मिलि पाण्याला सपाट एक चमचा असं डब्यावर लिहिलेलं. मला वाटायचं बाळाला जड होईल, म्हणून साठ मिलि पाण्यात एक चमचा घालायची. महिनाभर वजन हलेना. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, मुलाला विचारलं, शेवटी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, पोट भरतंय पाण्याने." मला फार लागलं ते. पाणी उकळलेलं आणि चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, सपाट चमच्याने, मग पिण्याइतकं निववायचं. उरलेलं ठेवायचं नाही. मी जुन्या सवयीने गुटीही उगाळून ठेवली होती, ती टाकून दिली. सहा महिने पाणीसुद्धा नको.

कोपरखैरणे, बाबा

मला दूध पाजता येत नाही, बाकी सगळं येतं. रात्री बाळ उचलून बायकोजवळ द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक काडी मारायची. सकाळी काड्या मोजायच्या. सहाच्या वर असल्या की निश्चिंत. बघायला येणाऱ्यांना दारातच सांगायचो, पुढच्या महिन्यात या. माणसं नाराज झाली, चालेल.

नेरूळ

माझा प्रश्न उलटा होता. मुलगा दोन वर्षांचा, जेवायचाच नाही, दूध मात्र दिवसाला लिटरभर. आम्ही खूश, दूध पितोय ना. तबेल्यातलं म्हशीचं, रतीब लावलेला, घट्ट साय. मग तो माती आणि भिंतीचा पोपडा खायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्याने पोट भरलं की पोर नाचणी, डाळ, पालेभाजी, अंडं कशालाच तोंड लावत नाही. आता दिवसाला दोन लहान पेले, तेही जेवणानंतर, शिवाय लोहाचं औषध.

गायीचं की म्हशीचं, यावर आमच्या सोसायटीत भांडणं होतात. वर्षाच्या आत दोन्ही प्यायला नको, हे मला डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं. वर्षानंतर जे पचेल ते. पिशवीवर वाचा: फुल क्रीममध्ये सहा टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड. दोन वर्षांपर्यंत डबल टोन्ड नको. सुट्टं दूध असेल तर खळखळून उकळायचंच. बदामाचं, ओट्सचं दूध मोठ्यांनी हौसेने प्यावं, तान्ह्या बाळाचं त्यावर भागत नाही.

ठाणे पूर्व, कोपरी

माझी मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात झाली, अकराशे ग्रॅमची. माझं दूध यायच्या आधी तिला दुसऱ्या आयांचं दूध मिळालं, मिल्क बँकेतलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी अशी बँक सुरू केली, आशियातली पहिली. दूध देणाऱ्या आईच्या रक्ताची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून थंड करतात, मग नळीने देतात. तिला पहिल्यांदा मिळालं ते एक मिलि होतं. कुठल्या तरी आईने आपल्या बाळाला पाजून उरलेलं. तिचं नाव मला कधीच कळणार नाही. पुढे मला भरपूर आलं तेव्हा मीही चार महिने दिलं. व्हॉट्सॲपवर ओळखीने तपासणीशिवायचं दूध मात्र घेऊ नका, देऊ नका.

(मी: जावेचं विचारताय म्हणून सांगते. आज वजन ३ किलो २८०. डबा अजून बंद आहे.)

कळंबोली, आज संध्याकाळी ७:४०

बाळ आठ दिवसांचं आहे. काल सकाळपासून तीनच लंगोट ओले. चोखता चोखता झोपतं, उठवलं तरी उठत नाही. सासूबाई म्हणतात थंडीमुळे. उद्या सोमवारी डॉक्टर येतील तेव्हा नेऊ का?

(मी: उद्या नाही, आत्ता. बाळांच्या डॉक्टरांचा रात्रपाळीचा विभाग असेल त्या रुग्णालयात. फाईल घे, जन्माचं वजन सांग, तीन लंगोट आणि उठत नाही हे आधी सांग. निघताना इथे लिही.)

निघालो. ह्यांनी रिक्षा आणली.

(मी: जागी आहे.)

११:१५. दाखल केलंय. जन्माचं २ किलो ८००, आता २ किलो ५४०. थोडी कावीळ आहे. वाटी-चमच्याने तीस मिलि प्यायला, सगळं. सकाळी सिस्टर धरायला शिकवणार आहेत.