ज्यू मित्राकडे भेटायला जायचंय, काय न्यायचं? लवकर सांगा

ठाणे_सुहास
ऑफिसातल्या जवळच्या मित्राकडे वाईट झालंय, बेने इस्रायल आहेत ते. उद्या सकाळी आम्ही चारपाच जण जाणार. हार न्यायचा का, फोटोला नमस्कार करायचा का, बोलायचं काय, काहीच माहीत नाही. गूगलवर सगळं अमेरिकेचं येतंय. नक्की माहितीये त्यांनीच लिहा, वेळ नाहीये.

मेधा_पुणे
कोण गेलं? कधी? दफन झालं का? एवढं तरी लिहा ना, नाहीतर कसं सांगणार.

कोकणचा_राजू
बेने इस्रायल म्हणजे आपले शनिवार तेली हो, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथेच पुरलं असं ते सांगतात, आजही स्मारक आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, सगळी गावांवरून आडनावं.

ठाणे_सुहास
राजूभाऊ, इतिहास नंतर. आई गेली त्याची, बुधवारी रात्री. काल दफन झालं.

रोहा_ते_लोद
उद्या जाऊ नका!! मी बेने इस्रायलच, लहानपण ठाण्यातलं, आता इस्रायलमध्ये लोदला असतो. उद्या शनिवार, तुमच्याकडे सूर्यास्त झाला म्हणजे शब्बाथ, आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागला, तो उद्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत. शिवा म्हणजे दफनानंतरचं आमचं सात दिवसांचं सुतक, त्या सात दिवसांत शब्बाथही धरतात, पण त्या दिवशी उघड शोक नाही आणि समाचारालाही कोणी जात नाही. गुरुवारपासून मोजलं तर बुधवारी सकाळी शिवा संपेल, म्हणून रविवारी जा. हार नको. आमच्यात कफन साधं पांढरं, त्याला खिसा नसतो, गरीब श्रीमंत सगळ्यांना तेच. पूर्वी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की लोक प्रेत टाकून पळायचे, मग रब्बान गमलिएल या मोठ्या धर्मगुरूने स्वतःला साध्या लिननमध्ये पुरायला लावलं, ताल्मुद या आमच्या धर्मग्रंथात, मोएद कातान या भागात आहे हे. फुलांऐवजी आम्ही कबरीवर खडा ठेवतो.

मेधा_पुणे
आमच्या बिल्डिंगमधल्या ज्यू आजी गेल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी हार घातले, घरचे काही बोलले नाहीत. तुमचं इस्रायलचं इकडे कशाला लादता?

रोहा_ते_लोद
मेधाताई, शेजाऱ्यांचा मान राखला असेल त्यांनी. कफनाचं इस्रायलमध्ये ठरलेलं नाही, माझ्या आजीलाही ठाण्यात तसंच पुरलं.

दादर_वेस्ट
मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायला सांगा मित्राला, नंतर लेट फी, ॲफिडेव्हिट, फार डोकं खातात. ज्यूंना २०१६ पासून राज्यात अल्पसंख्याक दर्जा आहे, तो दाखलाही काढून ठेवा म्हणावं. आणि खरं सांगू का, विद्युतदाहिनी सोपी पडते.

रोहा_ते_लोद
दहन आमच्यात चालत नाही साहेब. तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील, हे तोराहच्या, आमच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पहिल्याच पुस्तकात आहे. आमचा मूळपुरुष अब्राहाम, त्याने बायको सारासाठी दफनाची जागा विकत घेतली तीसुद्धा ४०० शेकेल चांदी मोजून, कोणी फुकट देत असताना.

ठाणे_सुहास
अहो पण रविवारी गेल्यावर बोलायचं काय?

रोहा_ते_लोद
काहीच नाही. तो खाली नाहीतर बुटक्या स्टुलावर बसलेला असेल, शर्ट डाव्या बाजूला छातीपाशी फाडलेला, आईवडिलांसाठी तिथेच फाडतात. आरसे झाकलेले दिसतील. उठून या बसा म्हणणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. जवळ बसा आणि तो बोलेपर्यंत थांबा, आमच्या धर्मग्रंथातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते ना, ते तेवढं बरोबर वागले. मग आईबद्दल विचारा, तिच्या हातचं काय आवडायचं वगैरे, आम्हाला तेच हवं असतं. खायला अख्खी फळं न्या, घरचा डबा नको, कोशेर, म्हणजे आमचे खाण्याचे धार्मिक नियम, पाळत असतील तर पंचाईत होते. संध्याकाळी गेलात तर कद्दिश ही शोक करणाऱ्यांची प्रार्थना ऐकायला मिळेल, मृत्यूचा एक शब्दही नाही त्यात, नुसती देवाची स्तुती. दहा ज्यू पुरुष लागतात त्याला, तुम्ही मोजले जाणार नाही, तरी मागे उभे राहा.

कोकणचा_राजू
नारळाच्या दुधातलं मटण कसलं करतात ते लोक! मांसाबरोबर दूध चालत नाही ना त्यांना.

मेधा_पुणे
राजूभाऊ, मयताच्या धाग्यावर मटण? आणि हाराचं मला अजून पटलेलं नाही.

ठाणे_सुहास
रविवारी संध्याकाळी जातो, सगळ्यांना कळवलं. आत्ता त्याला फोन करू का?

रोहा_ते_लोद
नको, शब्बाथला फोन बंद असेल, मेसेज टाका, उद्या रात्री बघेल. आमच्याकडे अजून ऊन आहे, थोड्या वेळाने मीही फोन बंद करणार. बाकी काही असेल तर लगेच विचारा.