सैनिक मेला की जुना सेव्ह उघडायचा का?

तिरकी_चाल
एक्सकॉम: एनिमी अननोन परत खेळायला घेतलाय, परग्रहवासीयांशी पाळीपाळीने, घरं मोजत लढायचा व्हिडिओ गेम. फिराक्सिसचा, २०१२ चा. सैनिकांना नावं देता येतात, म्हणून घरच्यांची दिली होती. धाकट्या बहिणीचं नाव दिलेली स्नायपर अकरा मोहिमा टिकली. परवा तिला अर्ध्या आडोशामागे उभी केली, कारण भिंतीपर्यंत पोचायला दोन घरं कमी पडत होती. अर्ध्या आडोशाने शत्रूच्या नेमाच्या टक्केवारीतून २० वजा होतात, पूर्ण आडोशाने ४०. ते वीस मी सोडले. म्युटन नावाच्या धिप्पाड परग्रहवासीयाची एक गोळी आणि संपलं. मी आयर्नमॅन मोडवर खेळतो. जिथवर खेळलो त्याची एकच साठवलेली फाइल, म्हणजे सेव्ह, तोही खेळ स्वतःच लिहितो, मागे जायची सोय नाही. बेसवर परतलो आणि स्मृतिभिंतीवर ते नाव बघत बराच वेळ बसलो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सैनिक मेला म्हणून जुना सेव्ह उघडणारा माणूस हा खेळ खेळलाच नाही. आमच्याकडे आजोबा बुद्धिबळात हात लावलेलं मोहरं हलवायलाच लावायचे, मी सात वर्षांचा होतो तरी. फायर एम्ब्लेम ही अशाच डावपेचांच्या खेळांची मालिका, तिचा पहिला भाग १९९० साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला तेव्हापासून त्यात मेलेला शिलेदार कायमचा जातो. त्यामुळेच प्रत्येक घर मोजून चालावं लागतं. ते काढून घेतलं की उरतात नुसती रंगीत चौकटं.

रात्रपाळी
पटलं नाही, आणि थोडं लागलंही. दोन मुलं झोपली की रात्री साडेदहानंतर मला एक तास मिळतो. एक मोहीम म्हणजे तो अख्खा तास. शेवटच्या टर्नला (पाळीला) एक चूक झाली म्हणून महिनाभराची मेहनत पाण्यात घालवायची आणि त्याला खरा खेळ म्हणायचं? माझा आयर्नमॅनचा खेळ तर शत्रूने संपवलाच नाही. सेव्ह लिहिला जात असताना वीज गेली, नंतर फाइल उघडेना. चाळीस तास गेले. यातून मी कुठली डावपेचांची अक्कल शिकायची होती?

फायर एम्ब्लेमचंच उदाहरण दिलंत, तर पुढचंही सांगा. मालिकेच्या २०१० साली फक्त जपानमध्ये आलेल्या भागात कॅज्युअल मोड आला, त्यात पडलेला शिलेदार पुढच्या लढाईला परत येतो. मग २०१२ चा अवेकनिंग. विक्री इतकी घसरली होती की हाच शेवटचा भाग ठरेल अशी धास्ती खुद्द बनवणाऱ्यांना होती. त्यातही कॅज्युअल होता, आणि मालिका जगली. माझ्यासारखे कितीतरी लोक त्याच दारातून आत आले. आम्ही खेळलोच नाही असं म्हणू नका.

सोंगटी
दोघंही फाशांबद्दल बोलतच नाही आहात. हात लावलेलं मोहरं हलवायचं हा नियम बुद्धिबळात चालतो, कारण तिथे फासा नाही. इथे ९५ टक्के नेम चुकतो आणि माणूस मरतो. ही कुणाची चूक?

शिवाय पडद्यावरचा आकडा सगळीकडे खरा नसतो. फायर एम्ब्लेममध्ये २००२ च्या बाइंडिंग ब्लेडपासून बऱ्याच भागांत खेळ दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतो. ९० टक्के दिसत असेल तर प्रत्यक्षात जवळपास ९८, आणि १० दिसत असेल तर फक्त २ च्या आसपास. आपल्या मनाला ९० म्हणजे 'लागणारच' वाटतं, म्हणून खेळ मनाची समजूत काढतो. एक्सकॉमही सोप्या पातळ्यांवर गुपचूप आपल्या बाजूने झुकतो. खेळ स्वतः आकडे वाकवत असताना खेळणाऱ्याने मागे जाणं तेवढं पाप कसं?

आणि आपल्या सारीपाटात मेलेली सोंगटी घरी जाऊन परत निघते. शतकानुशतकं लोक तसंच खेळत आलेत, आणि ईर्ष्येने खेळत आलेत. डाव रंगायला कायमचं मरण लागतं हे मला मान्य नाही.

तिरकी_चाल
@सोंगटी, सारीपाटाचा मुद्दा बिनतोड आहे, मानतो. पण ९५ चुकू शकतो हे धरून चाल रचणं हेच तर कसब. चुकला तर मागे ओव्हरवॉचवर, म्हणजे शत्रू हलताच गोळी झाडायला टपून, कोण आहे, आडोसा कुणाकडे आहे, हे गोळी झाडण्याआधी ठरवायचं. माझी स्नायपर फाशाने मारली नाही, मीच मारली. भिंतीपाशी दुसऱ्या टर्नला पोचलो असतो, मला घाई झाली होती. आणि एक्सकॉममध्ये सेव्ह उघडून तोच नेम परत धरलात तर निकाल तोच येतो, कारण फासा कसा पडणार ते ठरवणारा आकडा, रँडम सीड, सेव्हमध्येच असतं. मग लोक आधी दुसऱ्याला हलवून सीड बदलून बघतात. त्याला डावपेच म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

@रात्रपाळी, 'खेळलाच नाही' हे शब्द मागे घेतो. वीज गेल्याचं वाचून वाईट वाटलं.

बोनफायर
मी मुळात ॲक्शन आरपीजीवाला, म्हणजे एकच पात्र घेऊन, पाळी न थांबता लढायचे खेळ. डार्क सोल्समध्ये (२०११) शेकडो वेळा मेलोय. तिथेही सेव्ह सतत आपोआप होतो, मागे जाता येत नाही. पण आपलं पात्र जात नाही. सोल्स, म्हणजे शत्रू मारून मिळवलेली कमाई, जिथे पडले तिथेच राहतात, वाटेत पुन्हा न मरता पोचलात तर उचलता येतात. ऑर्नस्टीन आणि स्मॉ या एकदम अंगावर येणाऱ्या दोन बलाढ्य शत्रूंच्या दालनात मी तीन रात्री मरत होतो. चौथ्या रात्री खांब मध्ये ठेवून एकालाच कसं अंगावर घ्यायचं ते बोटांना कळलं, डोक्याला नंतर.

तिथलं मरण शिकवतं, कारण तीच लढाई लगेच पुन्हा समोर उभी राहते. आयर्नमॅनमध्ये ती लढाई परत मिळतच नाही. चूक कळते, सुधारायची संधी थेट पुढच्या खेळात, वीस तासांनी. नव्या माणसाने मग शिकायचं कधी? पहिला खेळ सेव्ह उघडत, दुसरा आयर्नमॅनवर, असं मी तरी सांगेन.

रात्रपाळी
@तिरकी_चाल, आभार. इन्टू द ब्रीच (२०१८) खेळून बघा. आठ बाय आठचा पट, शत्रू पुढच्या टर्नला कुठे मारणार ते आधीच दिसतं, आणि नेमाची टक्केवारी नाहीच. एका लढाईत एकदाच अख्खी टर्न मागे घेता येते. ती एक संधी मी इतकी जपून ठेवतो की बहुतेक वेळा वापरायचीच राहते. मागे जायला मिळालं म्हणून माणूस बेफिकीर होतो हे माझ्या बाबतीत तरी खोटं ठरलं.

तिरकी_चाल
हे मला चालेल. फायर एम्ब्लेमच्या थ्री हाउसेसमध्येही (२०१९) वेळ मागे फिरवता येते, पण लढाईगणिक मोजक्याच वेळा. मोजून दिलेली माघार हा नियमच झाला, आणि नियमाशी माझं भांडण नाही. सेव्हच्या फायलींचा ढीग मात्र मी अजूनही मान्य करणार नाही.

सोंगटी
मग १९९७ चा फायनल फँटसी टॅक्टिक्स घ्या. माणूस पडला की डोक्यावर ३ चा आकडा येतो. त्याची पाळी आली की एक कमी, शेवटी त्याचा स्फटिक होतो किंवा पेटी, आणि तो कायमचा जातो. तेवढ्या वेळात फीनिक्स डाउन, म्हणजे पडलेल्याला उठवणारी वस्तू, घेऊन कुणीतरी पोचायचं. माझी व्हाइट मेज (जखमा भरणारी जादूगार) एकदा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला पडली होती. आकडा १ वर आलेला. जिंकत आलेली आघाडी सोडून मी तिघांना मागे वळवलं, त्यात दुसरा एक जवळजवळ गेला. पण पोचलो.