लाइटकॉइन फॉसेट: जाहिरातींवर खर्च निघतो का, आणि बॉट कसे आवरायचे?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी कराडला असते, दुकानदारांना वेबसाइट करून देते. आता लाइटकॉइन या क्रिप्टो नाण्याचं फॉसेट, म्हणजे जाहिराती बघणाऱ्यांना थोडी थोडी नाणी फुकट वाटणारी साइट, काढायचं मनात आहे. पीएचपी स्क्रिप्ट तयार मिळतेय, पैसे फॉसेटपे या छोट्या रकमा पाठवणाऱ्या सेवेवरून जातील, दर ५ मिनिटांनी एक क्लेम, म्हणजे एकदा नाणी घेता येतील. एका क्लेमला किती द्यायचं हे कसं ठरवतात? आणि बॉट, म्हणजे आपोआप क्लेम करणारे प्रोग्रॅम, अडवायला कॅप्चा पुरतो का?

रात्रपाळी
ताई, कॅप्चा नाही पुरत. तो सोडवून देणाऱ्या सेवा हजाराच्या भावाने विकत मिळतात.

खरी गळती टायमरमध्ये असते. बऱ्याच स्क्रिप्ट आधी शेवटच्या क्लेमची वेळ वाचतात, मग बॅलन्स वाढवतात आणि नवी वेळ सगळ्यात शेवटी लिहितात. एकाच क्षणी २० रिक्वेस्ट मारल्या की सगळ्यांना जुनीच वेळ दिसते, आणि २० वेळा पैसे जमा. म्हणून एकच अपडेट क्वेरी लिहा: जुनी वेळ ५ मिनिटांपूर्वीची असेल तरच ती बदलायची. ओळ बदलली तरच बॅलन्स वाढवायचा, तोही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये.

आयपीवर, म्हणजे इंटरनेट पत्त्यावर, सरसकट बंदी नको. आपल्याकडे मोबाइल डेटावर असंख्य लोक एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागून येतात, चांगली माणसंच अडकतील. आयपीव्ही६चं उलट आहे, एकाच कनेक्शनकडे अख्खा /६४ पट्टा असतो. तिथे मोजणी पट्ट्यावर करा.

दराचं म्हणाल तर, समजा हजार वेळा जाहिरात दिसली की ५० सेंट येतात आणि एका क्लेमला दोन जाहिराती दिसतात. मग हजार क्लेमना १ डॉलर आला. त्यातले ६० सेंटच्या वर वाटू नका, होस्टिंग आणि सुटलेले बॉट उरलेल्यातून भागवायचेत. दर डॉलरमध्ये बांधा, नाहीतर लाइटकॉइन चढला की वाटप महागतं. गूगलच्या ॲडसेन्स जाहिरातींच्या नादी लागू नका, जाहिराती बघायला मोबदला देणं त्यांच्या नियमात बसत नाही.

आणि शिल्लक कमी ठेवा, हे मी कळकळीने सांगतो. बिटकॉइनचे एक सुरुवातीचे डेव्हलपर गॅव्हिन अँड्रेसन यांनी २०१० मध्ये बिटकॉइन फॉसेट काढलं, माणशी ५ बिटकॉइन द्यायचे. मार्च २०१२ मध्ये लिनोड या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर चोरी झाली, तेव्हा बिटकॉइनिका या ट्रेडिंग साइटचे ४० हजारांहून जास्त बिटकॉइन गेले. या फॉसेटचे गेले फक्त ५. तुम्हीही एका दिवसाच्या वाटपापुरतंच भरा आणि फॉसेटपेची एपीआय की (पैसे पाठवायची गुप्त किल्ली) पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा.

जमाखर्च
कराचं आधी बघा. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदी किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. जाहिरातीचे पैसे क्रिप्टोत घेणार असाल तर आले त्या दिवसाचा रुपयातला भाव लगेच लिहून ठेवा. वाटलेल्या नाण्यांचं काय दाखवायचं ते सीएला सुरू करण्याआधी विचारा.

कोयनाकाठ
विक्रेत्याच्या डेमोची क्लेमची फाइल आत्ताच उघडली. वर सिलेक्ट, मध्ये बॅलन्स, खूप खाली वेळ लिहिलीय. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसंच. ही घेत नाही, क्लेमचा भाग स्वतः लिहिते.

रात्रपाळी
लिहा. झालं की लाइव्ह करण्याआधी एकाच खात्यातून ५० रिक्वेस्ट एकदम सोडा. बॅलन्स एकदाच वाढला पाहिजे.