'कास्ट करा'ला मराठीत काय म्हणायचं?

नळस्टॉप:
आईसाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवायचंय, फोनवरचं कीर्तन टीव्हीवर कसं लावायचं ते. टीव्ही नवा आहे, त्यात एक स्क्रीन मिररिंग आणि एक कास्ट, यातलं तिला कुठलं शिकवावं हेच आधी ठरत नाहीये. फोन मराठी करून दिला तर 'कास्ट करा' असं आलं, आई चष्मा वर करून म्हणाली, "आता हाही जात विचारायला लागला का?" तर दोन्हीला दोन वेगळे शब्द हवेत, ७४ वर्षांच्या बाईला न समजावता कळतील असे. आणि जमलं तर सोपं कुठलं तेही सांगा.

शुद्धमती:
प्रक्षेपण आणि प्रतिबिंबन. शब्द तयार असताना लोक उगाच उसनवारी करतात.

दोनशेपाच:
प्रतिबिंबन न समजावता कळणार? आमच्याकडे सरळ "मॅच टीव्हीवर टाक रे" म्हणतात, विषय संपला.

शुद्धमती:
टाकायला तो काय कचरा आहे?

दोनशेपाच:
दारात पेपर टाकतो, पोराला शाळेत टाकतो, तेव्हा नाही वाटत कचरा? आणि प्रक्षेपणातला क्षिप् म्हणजे तरी काय, फेकणंच की. संस्कृतात फेकलं की शुद्ध होय!

ओसरीवर:
सहक्षेपण हा शब्द सगळे विसरलेत. आकाशवाणी पुण्याच्या सकाळी ७.०५च्या बातम्या ऐकणाऱ्यांना तरी आठवावा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आपल्याकडे चित्र यायचं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून, वडील गच्चीवर अँटेना सिंहगडाकडे वळवतायत आणि मी खिडकीतून ओरडतोय, आलं, आलं, गेलं! तर एकीकडे आलेलं जसंच्या तसं पुढे देणं म्हणजे सहक्षेपण, हेच तुमचं मिररिंग.

जुन्नरी:
ब्रॉडकास्ट मुळात शेतातलाच शब्द आहे राव, बी मुठीनं विखरून पेरणं, त्याला आमच्याकडं फोकणं म्हणतात. मेथी वाफ्यात फोकतात. रेडिओ फोकतो, जिथं उगवेल तिथं उगवेल. पण एका फोनवरून एकाच टीव्हीवर ही झाली टोकण, भुईमूग टोकतो तशी, एक भोक एक दाणा. लिहा की मग, 'टीव्हीवर टोका'.

दोनशेपाच:
टोकायला आमच्या सोसायटीत कागद लावून शिकवावं लागत नाही.

पाचवामजला:
आधी फरक तरी बघा. मिररिंगमध्ये फोनचा अख्खा पडदा टीव्हीवर जातो, ते मिराकास्ट नावाच्या पद्धतीचं असेल तर राउटरही लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात, पण फोनचा पडदा चालू ठेवावा लागतो आणि वर जे मेसेज येतात तेही दिसतात. गेल्या गणपतीत मी आरत्या मिरर केल्या, सुखकर्ता रंगात आलेली आणि ४३ इंची पडद्यावर बायकोचा मेसेज, "आत्या कधी जाणारेत?" आत्या तबक घेऊन पुढेच उभ्या. तेव्हापासून मी कास्टच करतो. त्यात फोन टीव्हीला फक्त काय लावायचं ते सांगतो, पुढे टीव्ही आपला आपण इंटरनेटवरून आणतो, फोन आला तर खुशाल घ्या. फक्त फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. म्हणजे बघा, कास्टमध्ये फोन काही टाकत नाही, फोकत नाही, टोकत नाही. निरोप देतो.

जुन्नरी:
मग निरोप्या म्हणा.

शुद्धमती:
'निरोप देणे' म्हणजे पाठवणी करणे असाही अर्थ होतो. टीव्हीला निरोप दिला म्हणजे भंगारात दिला.

ओसरीवर:
निरोपावरून आठवलं, आपली तार सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली आणि टीव्हीला जोडून कास्ट करायचं गुगलचं क्रोमकास्ट अमेरिकेत बाजारात आलं तेही त्याच महिन्यात. पूर्वी तार आली की वाचायच्या आधीच घरात रडायला सुरुवात व्हायची. आता तारही नाही आणि 'बिनतारी' हा इतका सुंदर शब्द पोलिसांच्या पाटीपुरता उरलाय.

दोनशेपाच:
सुंदर काय त्यात? शाळेच्या व्याकरणात बिन फारसी उपसर्गांत देतात, शुद्धमतींना विचारा चालतो का.

शुद्धमती:
बिनचूक, बिनधास्त, बिनपाण्याने हे सगळं मराठीच आहे. रुळलेल्या शब्दाची जन्मपत्रिका काढायची नसते.

दोनशेपाच:
हेच मी 'कास्ट'बद्दल म्हणत होतो!

शुद्धमती:
कास्ट रुळलेला नाही. वर त्यांच्या आईंनी काय विचारलं ते परत वाचा.

नळस्टॉप:
तुमचं चालू द्या. पाचवामजला, आभार, कास्टच शिकवलं. कागदावर आईनं स्वतःच लिहिलंय: 'चौकोन, त्याच्या कोपऱ्यात तीन रेघा, तो दाबणे. मग हॉल दाबणे.' हॉल म्हणजे फोनवर दिसणारं आमच्या टीव्हीचं नाव.

शुद्धमती:
दाबणे नव्हे, दाबावे.

जुन्नरी:
आमच्याकडं दाबायचं म्हणतात.