मदत हवी आहे: पातळ प्लाय चिकटवताना मधे पोकळ राहतो

४ मिमीचे दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून ६०० × ९०० मिमीचा पॅनल करायचा आहे. कडेने सहा जी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे शिकंजे) लावले, मधे ५० किलोची सिमेंटची गोणी ठेवली. कडा पक्क्या बसल्या, पण मधे बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. पॅनलला बाकही आलाय. पांढरा गोंद दोन्ही तुकड्यांना ब्रशने लावला होता. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
गोणीवर भिस्त ठेवू नका. ५० किलो ५४०० चौ. सेंमी.वर पसरले की दर चौ. सेंमी.ला जेमतेम ९ ग्रॅम दाब येतो. जी-क्लॅम्पचा जबडा मधे पोचत नाही आणि ४ मिमी प्लाय लवतो, म्हणून कडेचा दाब कडेलाच राहतो.

वर-खाली १८ मिमीचे सपाट प्लाय घ्या, आतून प्लास्टिकचा कागद. त्यावर ५० × ५० मिमीच्या, ७५० मिमी लांब लाकडी पट्ट्यांच्या पाच जोड्या (एक वर, एक खाली) आडव्या टाका. प्रत्येक पट्टीची एक बाजू रंधून दोन्ही टोकांकडे २ मिमी उतरती करा आणि ती फुगीर बाजू पॅनलकडे ठेवा. टोकं आवळताना पहिला दाब मधोमध पडतो, सगळं गणित इथेच आहे. क्लॅम्प कमी असतील तर टोकांना १२ मिमीचं भोक पाडून १० मिमीचा थ्रेडेड (आटे असलेला) रॉड, वॉशर, नट वापरा. मधली जोडी आधी, मग बाहेरच्या. उलट केलंत तर गोंद आणि हवा मधेच कोंडतात. टोकांची फट मिटली की थांबा.

प्रतिसाद २
बाक पाण्यामुळे आला. पांढऱ्या गोंदात साधारण निम्मं पाणी असतं. पातळ प्लाय ओल्या बाजूने फुगतो आणि वळतो. एवढ्या पॅनलला ९०-१०० ग्रॅम पुरे, तोही एकाच तुकड्याला, दातेरी पट्टीने. उन्हाळ्यात दहा मिनिटांच्या आत दाब द्या. कडेने बारीक थेंब सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. तुकडे घसरतात, म्हणून चारी बाजूंनी १५ मिमी जास्त ठेवा आणि त्या वाढाव्यात दोन बारीक खिळे मारा. २४ तासांनी सोडा, मग उभा ठेवा. जमिनीवर आडवा टाकलात तर एकच बाजू सुकून पुन्हा वाकेल.

धागाकर्ता
आहे तो पॅनल वाचेल का?

प्रतिसाद १
पोकळ भाग वाचेल. वाजवत वाजवत त्याची हद्द पेन्सिलने आखा. आत, समोरासमोरच्या टोकांना, फक्त वरच्या प्लायमधून २ मिमीची दोन भोकं पाडा. एकातून सिरिंजने थोडा पातळ केलेला गोंद सोडा. दुसऱ्यातून दिसला की पट्ट्यांखाली दाबा. बाक मात्र जाणार नाही. तो पॅनल चौकटीत बसवणार असाल तरच ठेवा.