मदत हवी आहे: कॅनडातलं बदललेलं जनमत बघता बहिणीसाठी प्लॉट तारण ठेवावा का?

नमस्कार. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. धाकट्या बहिणीने जळगावला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली. आता तिला ऑन्टारिओतल्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. फी आणि राहणं धरून पस्तीस लाखांच्या पुढे जातं. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते आणि शेतजमीन चालत नाही म्हणते. उरतो भुसावळचा प्लॉट. वडिलांनी कांदेबाग केळीच्या दोन चांगल्या वर्षांत घेतला होता, त्यानंतर तशी वर्षं आली नाहीत.

एजंट म्हणतो, "काळजी करू नका, तिकडे माणसं हवीच आहेत." पण मी वाचायला लागलो आणि झोप उडाली. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने २०२५ साठी ५ लाख लोकांना कायमचं घेण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच ३,९५,००० वर आणलं. मधल्या काळात भाडी भडकली, घरं मिळेनात. २०२४ च्या एन्व्हायरॉनिक्स या तिथल्या संशोधन संस्थेच्या पाहणीत ५८ टक्के लोक म्हणाले, स्थलांतरित फार झाले. आदल्या वर्षी असं म्हणणारे ४४ टक्के होते. विद्यार्थी परवान्यांवर तर जानेवारी २०२४ मध्येच मर्यादा आली. विद्यार्थ्याने राहण्याच्या खर्चासाठी खात्यात दाखवायची रक्कम वर्षाला १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५.

मला त्या लोकांचा राग येत नाही. आमच्या गावातही हेच बघतो. कटाईला सातपुड्यातून पावरा आदिवासी कुटुंबं येतात. ज्या उन्हाळ्यात विहिरी आटतात, त्या उन्हाळ्यात पारावर "बाहेरचे लोक फार झाले" असं सुरू होतं. पाऊस झाला की तीच माणसं मुकादमाला फोन करून मजूर मागतात. आपल्याच नंदुरबारकडचे लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यांच्याबद्दलही तिकडे असंच बोलत असतील. पण पारावरच्या बोलण्याने कुठला नियम बदलत नाही. तिकडे बदलतो, आणि हप्ता मला भरायचाय.

म्हणून विचारतोय. लोकांचं मत फिरलं की तिथलं सरकार किती दिवसांत नियम फिरवतं? शिकायला गेलेल्यांना जुने नियम लागू राहतात का? दोन वर्षांनी तिला वर्क परमिट मिळेल, असं आज धरून चालावं का? कुणी तिकडे असेल तर कृपया स्पष्ट सांगा. बहीण हुशार आहे, तिचं मन मोडायचं नाहीये.

प्रतिसाद

भाऊ, मी चोपड्याचा, आता टोरंटोजवळ असतो. आधी कोर्स बघा. लोकांची ओरड वाढली तेव्हा सगळ्यांवर सारखी कात्री चालली नाही, डिप्लोमावर जास्त चालली. १ नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थी परवान्याचा अर्ज करणाऱ्यांना कॉलेजचा डिप्लोमा ठरावीक विषयांतला असेल तरच नंतर वर्क परमिट मिळतं. मास्टर्सला विषयाची ही अट नाही. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्सला परवान्याच्या अर्जासोबत प्रांत सरकारचं, मर्यादेत जागा असल्याचं पत्र लागत नाही. ताई इंजिनिअर आहेत, मग डिप्लोमा कशाला? एजंटला कमिशन कुठून मिळतं ते विचारा. कोर्सचा सहा आकडी सीआयपी कोड (विषयाचा वर्गीकरण क्रमांक) मागा आणि सरकारी यादीत स्वतः तपासा. तोवर प्लॉटच्या कागदावर सही करू नका.

धागाकर्ता

दादा, खूप आभार. एजंटला दुपारी फोन केला, कोड "बघून सांगतो" म्हणाला. बहिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग मास्टर्सच्या तारखा शोधायला लागली. बँकेची उद्याची भेट पुढे ढकलली आहे. मास्टर्सला साधारण किती खर्च धरावा, तेवढं सांगाल का?