टॅटूच्या सुईच्या पाकिटावरचे आकडे आणि अक्षरे कशी वाचावीत?

रानजाई

नमस्कार. माझ्या आजीच्या हातावर, मनगटाच्या थोडे वर, ठिपक्यांनी गोंदलेले तुळशीवृंदावन होते. तसेच वृंदावन स्वतःच्या हातावर काढून घेण्याचा माझा विचार आहे आणि त्यासाठी पुण्यातील एका टॅटू स्टुडिओत चौकशी करून आले. तेथील कलाकाराने सुयांची बंद पाकिटे दाखवली. एकावर ‘१००३ आरएल’, दुसऱ्यावर ‘१२०७ आरएल’, तिसऱ्यावर ‘१२१५ एम१’ असे छापलेले होते. दुकानात गर्दी असल्यामुळे सविस्तर विचारता आले नाही.

मी औषधांच्या दुकानात काम करते. इंजेक्शनच्या सुईचा आकडा जितका मोठा तितकी ती सुई बारीक असते, हे मला ठाऊक आहे. टॅटूच्या सुईलाही हाच नियम लागू पडतो का? ही सुई आतून पोकळ असते का, आणि नसल्यास शाई त्वचेत जाते कशी? ती किती खोल जाते? आणखी एक अडचण अशी की खोट्या दागिन्यांनी माझ्या अंगावर पुरळ उठते, निकेलची ॲलर्जी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. सुई पोलादाची असल्यास मला त्रास होईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शाईवाला

मी टॅटूचेच काम करतो, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो. येथे हिशेब इंजेक्शनच्या नेमका उलटा आहे. पहिले दोन अंक एकेका सुईची जाडी सांगतात आणि अंक वाढतो तशी जाडीही वाढते. १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३० आणि ०८ म्हणजे ०.२५. पुढचे दोन अंक म्हणजे त्या जुडग्यातील सुयांची संख्या आणि शेवटची अक्षरे म्हणजे त्यांची मांडणी. त्यानुसार ‘१००३ आरएल’ म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या तीन सुया गोलाकार आणि घट्ट बांधलेल्या, तर ‘१२१५ एम१’ म्हणजे ०.३५ मिलिमीटरच्या पंधरा सुया दोन ओळींत, एकीच्या फटीसमोर दुसरी येईल अशा रीतीने बसवलेल्या. सगळे उत्पादक हीच पद्धत तंतोतंत पाळतात असे नाही, त्यामुळे पाकिटावर जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असल्यास ती अवश्य पाहावी.

आता अक्षरांविषयी. आरएल म्हणजे राउंड लायनर. त्यातील सुयांची टोके एकमेकांना चिकटून एका बिंदूकडे येतात, म्हणून रेषा आणि ठिपके यांसाठी तोच वापरतात. आरएस म्हणजे राउंड शेडर. त्यात सुया गोलातच असतात, पण थोड्या सैल, त्यामुळे छाया भरताना कडा मऊ येते. मोठा भाग भरायचा असेल तर मॅग्नम, म्हणजे दोन ओळींत बसवलेल्या सुयांचा जुडगा, घेतात. एम१ हा त्यातला सैल प्रकार, एम२ हा दाट. कडेच्या सुया किंचित मागे ठेवून टोकांची रांग कमानीसारखी केलेला एक मॅग्नमही असतो आणि माझ्या मते तो त्वचेवर सर्वांत कमी अत्याचार करतो, कारण सपाट मॅग्नमचे कोपरे वळणावर त्वचा कापू शकतात. तुमच्या वृंदावनासाठी मॅग्नमचे काहीच काम नाही. ते पाकीट बहुधा केवळ दाखवण्यासाठी पुढे केले असावे.

सुई पोकळ नसते, ती भरीव असते. ती शाईच्या वाटीत बुडवली की सुयांच्या मधल्या अरुंद फटींत शाई केशाकर्षणाने धरून राहते. मग टोके त्वचेत शिरून वर येतात आणि झालेल्या बारीक छिद्रांत शाई ओढली जाते. म्हणजे पिचकारीने आत ढकलावी तशी शाई ढकलली जात नाही. एकाच सुईला अशा फटी नसतात, त्यामुळे ती फार थोडी शाई धरते आणि पुन्हा पुन्हा बुडवावी लागते. तीन किंवा पाच सुयांचा जुडगा वापरण्यामागे हे साधे कारण आहे.

ज्याच्याकडे गिऱ्हाईक सहसा लक्ष देत नाही ती बाब म्हणजे टेपर, अर्थात सुई टोकाकडे निमुळती होत जाते तो भाग. हा भाग लांब असेल तर छिद्र बारीक पडते आणि प्रत्येक टोच्याला शाई कमी उतरते, त्यामुळे ठिपका नेमका येतो. आखूड असेल तर छिद्र मोठे पडते आणि रंग लवकर भरतो. ‘बारीक सुई म्हणजे कमी दुखणार’ असे बहुतेकांना वाटते, पण ते पूर्णपणे खरे नाही. फार बारीक सुईने तोच भाग दोनतीनदा फिरवावा लागला तर त्वचा अधिक दुखावते.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यांनी १८९१ साली विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट घेतले. त्याची मूळ कल्पना एडिसनच्या विद्युत लेखणीवरून आलेली होती. ती लेखणी कागदाला छिद्रे पाडून प्रती काढण्यासाठी बनवलेली होती. आजची यंत्रे सुईला सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा खालीवर करतात. सुईची ही धाव साधारण ३ ते ४ मिलिमीटर असते, परंतु तेवढी सुई त्वचेत जात नाही. किती आत जायचे हे कलाकाराचा हात आणि दुसऱ्या हाताने त्वचेला दिलेला ताण ठरवतो.

वाळा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. शाईवाला यांनी खोलीचा प्रश्न जेथे सोडला तेथून पुढे लिहितो.

त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, हाताच्या आतील बाजूस मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतका जाड असतो आणि त्यातील पेशी साधारण महिनाभरात झडून नव्या येतात. शाई तेवढ्यातच राहिली तर ती पेशींबरोबर निघून जाईल. म्हणून ती त्याखालच्या अंतस्त्वचेत ठेवावी लागते आणि त्यासाठी सुई सुमारे १ ते २ मिलिमीटर खोल जाते. त्याहून खोल, चरबीच्या थरात गेल्यास शाई आडवी पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली दिसू लागते. मनगटाजवळची त्वचा पातळ असल्याने तेथे हा धोका जास्त असतो.

शाई टिकते कशी, हेही जाणून घेण्यासारखे आहे. शरीर तिला परका पदार्थ मानते आणि भक्षक पेशी तिचे कण गिळतात, परंतु ते पचवू शकत नाहीत. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर असे दाखवले की या पेशी मेल्यावर कण मोकळे होतात आणि नव्या भक्षक पेशी तेच कण पुन्हा गिळतात. चित्र वर्षानुवर्षे जागेवर राहते ते या हस्तांतरामुळे. यात थोडे कण इकडेतिकडे सरकतात, काही लसिका ग्रंथींकडे जातात, आणि म्हणून जुने गोंदण कडांना पुसट होते. आपल्या आजींचे वृंदावन काळ्या काजळीचे असूनही निळसर-हिरवे दिसत असणार. त्वचेच्या खोल भागातील काळ्या कणांवरून परतणाऱ्या प्रकाशात विखुरणामुळे निळी छटा अधिक येते, तोच परिणाम तेथे दिसतो.

निकेलविषयी आपली शंका रास्त आहे. टॅटूच्या सुया स्टेनलेस पोलादाच्या असतात आणि त्या पोलादात क्रोमियमबरोबर निकेलही असते. सुई त्वचेत क्षणभरच असते आणि पोलाद निकेलला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे नुसत्या स्पर्शाने सहसा काही होत नाही. तथापि २०१९ साली युरोपातील संशोधकांनी असे दाखवले की पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचे कठीण कण सुईला घासून झिजवतात आणि निकेल-क्रोमियमचे सूक्ष्म कण त्वचेत राहतात. काळ्या शाईत मुख्यतः कार्बनचे कण असतात आणि त्याच अभ्यासात कार्बनच्या शाईने अशी झीज आढळली नाही. म्हणून माझा सल्ला असा की पांढरा आणि पांढरा मिसळून फिका केलेला कोणताही रंग टाळावा, केवळ काळी शाई वापरावी, आणि त्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. जखमेचे व्रण जाड, उंचावलेले होण्याची प्रवृत्ती घरात कोणाला असेल तर तेही त्यांना सांगावे.

माळरान

सर्व माहिती उत्तम आहे, पण मूळ गोंदणाचा विचारही व्हावा. आमच्या गावाकडे गोंदणाऱ्या बाया येत, त्यांच्याकडे यंत्र नव्हते. शिवणाच्या तीनचार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवायची आणि एकेक ठिपका हाताने टोचायचा. वर हळद लावायची. म्हणजे शाईवाला ज्याला तीन सुयांचा आरएल म्हणतात, तो आमच्याकडे दोऱ्याने बांधलेला होता. ठिपक्यांचे वृंदावन यंत्राने काढणे मला तरी पटत नाही. यंत्राचा ठिपका फार एकसारखा येतो आणि त्यातला हात दिसत नाही.

अर्थात जुन्या पद्धतीचे सगळेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. त्याच सुया एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जात. पुढे जत्रांमध्ये बॅटरीवरची यंत्रे आली तेव्हाही सुई तीच राहिली, रांगेतल्या दहाव्या माणसालाही पहिल्याचीच. रानजाई यांनी जत्रेत चुकूनही काढून घेऊ नये.

वाळा

शेवटचा मुद्दा ठळक करतो. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही पसरू शकतात. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही ते याच कारणाने. मात्र नवी सुई एवढ्यानेच सर्व साधत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे २०११ च्या अखेरीस १९ जणांना टॅटूच्या जागी मायकोबॅक्टेरियम गटातील एका जीवाणूचा संसर्ग झाला, आणि त्याचा उगम आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईत सापडला. छायेसाठी शाई पातळ करावी लागलीच तर त्यासाठी निर्जंतुक पाणी हवे. नळाचे किंवा नुसते डिस्टिल्ड पाणी चालत नाही.

रानजाई

सर्वांचे आभार. माळरान यांचे म्हणणे मनाला पटले. यंत्राशिवाय, हाताने टोचून घ्यायचे ठरवले तर स्टुडिओतील हीच पाकिटे चालतात, की त्यासाठी वेगळी सुई लागते? आणि पाकीट हातात घेतल्यावर नेमके काय पाहावे?

शाईवाला

हाताने टोचण्यासाठी सुई हीच वापरतात. फक्त कार्ट्रिज न घेता लांब दांडीची सुई घ्यावी लागते. कार्ट्रिज म्हणजे प्लास्टिकच्या कवचात बसवलेली सुई. ती यंत्रावर लावायला सोपी असते आणि चांगल्या कार्ट्रिजच्या आत पातळ रबरी पडदा असतो, जो शाई आणि रक्त यंत्राकडे परत जाऊ देत नाही. यंत्रावरच काम करून घेणार असाल तर असा पडदा आहे का, हे जरूर विचारा. लांब दांडीच्या सुईत जुडगा दांडीला झाळलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला यंत्रात अडकवण्याचे कडे असते. हाताने टोचणारे कलाकार त्या दांडीवर पकड बसवतात किंवा निर्जंतुक पट्टी गुंडाळतात.

माळरान यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. सवयीच्या हाताने यंत्राचा ठिपकाही जिवंत येतो. परंतु वृंदावन लहान असेल आणि तुमच्याकडे दीडदोन तास असतील तर हाताने टोचणे उत्तम. त्वचा कमी दुखावते आणि बहुधा लवकर भरते. त्यासाठी ‘१००३ आरएल’ किंवा ‘१२०५ आरएल’, दोन्ही लांब टेपरचे, पुरेसे आहेत. दोन ठिपक्यांमध्ये निदान एका ठिपक्याइतकी जागा मोकळी ठेवायला सांगा, कारण वाळा यांनी सांगितल्याप्रमाणे ठिपके वर्षांनुवर्षे पसरतात आणि वृंदावनाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून काळा चौकोन होऊ शकतो. चित्र दोन बोटे रुंदीपेक्षा लहान करू नका.

पाकिटावर निर्जंतुकीकरणाची पद्धत छापलेली असते. ती बहुतेक वेळा इथिलीन ऑक्साइड वायूची असते. शिवाय उत्पादनाचा गट क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि रंग बदलणारी छोटी खूण असते. ती कोणत्या रंगाची झालेली असावी हे तेथेच लिहिलेले असते. पाकीट कोठे फाटलेले, ओलसर किंवा दुमडून उघडलेले दिसले तर ते परत करा, मग तारीख काहीही असो. ते तुमच्यासमोर फोडले जावे, शाई तुमच्यासमोर नव्या वाटीत ओतली जावी, आणि काम झाल्यावर सुई धारदार वस्तूंसाठी असलेल्या, आरपार भोसकला न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जावी. हा डबा दुकानात दिसत नसेल तर सुई विचारत बसू नका, दुसरे दुकान पाहा.